फुकटची ओसरी



कार्यवाहांनी महिन्यापूर्वी विषय विचारला तेव्हा 'संगणक आणि ग्रामीण समाज' असे एक भारदस्त नाव सांगून मी मोकळा झालो. पत्रिकेवर तेच छापले आहे. परंतु व्याख्यान लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, या दोन्हींविषयी सर्वसाधारण असे काही बोलण्याचा मला अधिकार नाही. मी एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे भूगोल शिकविला. संगणकाशी माझा संबंध आला तो एका यादीपुरता, आणि ती यादी माझ्या हातून हरवली. तेव्हा आज त्या हरवण्याचीच हकीकत सांगतो. तीत दोन प्रकारची माणसे आपल्याला भेटतील. एक, संगणकाच्या जाळ्यावर जागा फुकट देणारी. आणि दुसरी, आपण वापरतो ती ऑपरेटिंग सिस्टिम हाच मोक्षाचा एकमेव मार्ग असे मानणारी. दोघांनीही मला पुष्कळ छळले. पण दोघांना एकाच मापाने मोजले तर अन्याय होईल, हे समजावयास मला बरीच वर्षे लागली.

प्रथम यादीविषयी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सातबाराचा उतारा पाहिलाच असेल. त्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. बहुधा तो रिकामा असतो. सरकारचे काम गट नंबराने भागते. पण शेतकऱ्याचे काम नंबराने भागत नाही. बापाने मुलाला "गट नंबर एकशे बारात बैल सोड" असे सांगितल्याचे मी ऐकलेले नाही, तो म्हणतो, "सतीच्या माळाला सोड," किंवा "लांडग्याच्या वगळीला जा." ही नावे म्हणजे गावाचा न लिहिलेला इतिहास होय. ज्या शिवारात आज वाघ सोडाच, ससासुद्धा दिसत नाही तेथे 'वाघाची जाळी' असते. एखाद्या तुकड्याला 'हाडकी' म्हणतात आणि तेथे महार वतनाची जमीन होती हे कळते. वतने कायद्याने गेली, नाव मागे राहिले. 'बारवेची पट्टी' आहे आणि बारव नाही, म्हणजे ती कुठेतरी बुजलेली आहे. आमच्या एका गावी या एका नावावरून मुलांनी बुजलेल्या विहिरीचा चिरेबंदी काठ शोधून काढला होता. त्या दिवशी भूगोलाचा तास सहा वाजेपर्यंत चालला.

१९९८ ते २००२ या चार वर्षांत नववीच्या मुलांकडून मी तालुक्यातील चौदा गावांची अशी नावे गोळा करविली. मुलांनी आपापल्या आजोबा-आजीला विचारायचे, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर नाव लिहायचे, कोणी सांगितले तेही लिहायचे. अकराशेंच्या वर कार्डे जमली. एका आबांनी माझ्याकडे निरोप पाठविला होता, "मास्तर, पोरगं दोनदा येऊन गेलं, पण खरी नावं तुम्हीच येऊन घ्या, पोराला सांगण्यासारखी नाहीत सगळी." मी गेलो. खरोखरच सगळी सांगण्यासारखी नव्हती.

मग संगणक आला. गावातल्या दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलेला, आत विंडोज घातलेली. तिची किंमत मी विचारली नाही, त्यानेही सांगितली नाही. त्या काळी सर्वत्र तीच रीत होती. आमचा एक शिक्षकमित्र मराठी टंकलेखन जाणणारा. त्याने २००३ च्या उन्हाळी सुट्टीत सारी कार्डे टंकून दिली. हे काम आता वेबसाइटवर घालावे म्हणजे जगात कुठेही गेलेल्या आमच्या तालुक्याच्या माणसाला आपल्या शेताचे नाव वाचता येईल, अशी कल्पना निघाली. जागेला पैसे नव्हते. शाळेच्या शिल्लक खात्यावर यासाठी रुपया टाकावयास मुख्याध्यापक तयार नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याही खिशातून टाकावा असे मला वाटले नाही. फुकट मिळते असे कळले होते ना!

येथे थोडे थांबून ही फुकटची जागा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. वेबसाइट काही हवेत नसते. कुठेतरी एक संगणक अहोरात्र चालू असतो, त्याच्या चकतीवर आपला मजकूर असतो, आणि कोणी मागितला की तो पाठविला जातो. त्या संगणकाला वीज लागते, तारेचे भाडे लागते, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. म्हणजे ही जागा फुकट असूच शकत नाही. फक्त पैसे कोणीतरी दुसरा देत असतो, आणि तो का देतो हे आपल्याला विचारावेसे वाटत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही गाय धर्माची नव्हती.

या धंद्याचा मोठा इतिहास जिओसिटीज या नावाभोवती आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझ्नर यांनी तो उद्योग काढला. त्यांची युक्ती मोठी मनोहर होती. त्यांनी जागेचे मोहल्ले पाडले. चित्रपटवेड्यांनी 'हॉलिवुड'मध्ये राहावे, संगणकवाल्यांनी 'सिलिकॉन व्हॅली'त, कुटुंबवत्सल लोकांनी 'हार्टलँड'मध्ये. प्रत्येकाला चार आकडी घरनंबर मिळे आणि प्रारंभी दोन मेगाबाइट जागा मिळे. दोन मेगाबाइट म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटोदेखील कधीकधी त्यात मावणार नाही. पण त्या एवढ्याशा खोलीत लोकांनी आपल्या मृत मुलांची स्मारके केली, आपल्या मांजरांची चरित्रे लिहिली, बागकामाच्या वह्या उतरविल्या. लाखो घरे झाली. १९९९ च्या जानेवारीत याहू कंपनीने ही सारी वस्ती विकत घेण्याची घोषणा केली. किंमत, शेअरांच्या रूपाने, साडेतीन अब्ज डॉलरांच्या वर. विचार करा, घरे बांधली लोकांनी आणि विकली गेली वस्ती! त्याच वर्षी नव्या मालकाने अटींचा कागद काढला. त्याचा अर्थ लोकांनी असा लावला की, आपण लिहिलेल्या मजकुरावर आता कंपनीचा हक्क. मोठी ओरड झाली. पुष्कळांनी निषेध म्हणून आपल्या पानांचे रंग काढून ती करडी करून टाकली. कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे दहा वर्षांनी, २००९ च्या २६ ऑक्टोबरला, ती सारी वस्तीच बंद करण्यात आली. जपानातली शाखा तेवढी २०१९ च्या मार्चअखेर टिकली.

या वस्तीत जाहिराती असत, हे सांगावयास नको. जाहिरात अंगावर उडी मारते, नवी चौकट उघडते, ती मिटता मिटत नाही, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. ती चौकट आली कोठून? ट्रायपॉड नावाची अशीच एक फुकट जागा देणारी संस्था होती. एका मोटार कंपनीने तक्रार केली की, आमची जाहिरात एका अश्लील मजकुराच्या पानावर लागली. तेव्हा जाहिरात त्या पानावर न लावता वेगळ्या खिडकीत दाखवावी, म्हणजे दोघांचा संबंध दिसणार नाही, असा तोडगा निघाला. आणि तेथील ईथन झुकरमन या गृहस्थांनी ती उसळणारी खिडकी लिहिली. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून याची जाहीर क्षमा मागितली. हेतू आमचा वाईट नव्हता, असेही म्हणाले. माझा त्यावर विश्वास आहे. जगातील पुष्कळ उपद्रव मुळात कोणाची तरी अडचण दूर करण्यासाठी निघालेले असतात.

माझी जागा या दोन्हींकडे नव्हती. दुसऱ्याच एका ठिकाणी होती, आणि त्याचे नाव मी घेणार नाही. काय झाले ते सांगतो. पहिल्या आठवड्यातच 'सतीचा माळ' या नावाच्या डोक्यावर वजन घटविण्याच्या गोळ्यांची जाहिरात आली. ती काढता येईना. मग एका वर्तमानपत्राने आमच्या यादीवर दोन परिच्छेद छापले. सोमवारचा अंक होता. सकाळी दहाला पाहतो तो पानाच्या जागी सूचना: या महिन्याचा वाहतुकीचा कोटा संपला, पुढील महिन्यात या. म्हणजे कोणी येत नव्हते तोवर दार उघडे होते, आणि पाहुणे आले त्या दिवशी कुलूप! तक्रार करावी तर कोणाकडे? लिहिण्यासाठी एक पत्ता होता. तेथून यांत्रिक उत्तर येई की, आपले पत्र आम्हास महत्त्वाचे आहे.

आता दुसऱ्या मंडळींकडे येतो. आमचाच एक विद्यार्थी अभियांत्रिकीला गेला होता. हुशार, निःस्पृह, आणि बोलावयास लागला की न थांबणारा. तो सुट्टीत आला, माझा संगणक पाहिला आणि म्हणाला, "सर, ही चोरीची विंडोज तुम्ही वापरता? तुम्ही?" त्या 'तुम्ही'त माझी तीस वर्षांची नोकरी होती. मी ओशाळलो. मग त्याने दोन तास मला दीक्षा दिली. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प सोडला तो कसा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, हा आपला नुसता छंद आहे, मोठे काही होणार नाही, अशा अर्थाचे चार शब्द लिहून आपले काम लोकांपुढे ठेवले ते कसे. आणि त्यातून लिनक्स उभी राहिली ती कशी. हे सारे ऐकताना माझे मन भरून आले, हे मी कबूल करतो. हजारो माणसांनी, एकमेकांचे तोंड न पाहता, एखादे धरण बांधावे तसे हे बांधले आहे.

पण धरण बांधणारे वेगळे आणि धरणाच्या काठावर बसून भांडणारे वेगळे. मी कुतूहलाने दुसऱ्या एकाला काही विचारले तेव्हा त्याने प्रथम मला 'लिनक्स' म्हणू नका, 'ग्नू-लिनक्स' म्हणा, असे दटावले. तिसऱ्याने विचारले, कोणती? डेबियन, रेड हॅट, की उबुंटू? मी नाव सांगताच तो खिन्न झाला आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर न देता संप्रदाय बदलण्याचा उपदेश करू लागला. मराठी अक्षर जोडले जात नाही, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, एवढीच माझी तक्रार. तिला उत्तर मिळाले की, ग्रंथ वाचा. ग्रंथ इंग्रजीत, सहाशे पानांचा, आणि रफार म्हणजे काय हे त्या ग्रंथकर्त्याला ठाऊक नसलेले. विंडोजवाले याहून बरे असे समजू नका. त्यांचा अभिमान आळसाचा असतो. "सगळे हेच वापरतात" यापलीकडे त्यांच्याजवळ शास्त्रार्थ नसतो. सफरचंदाच्या खुणेचा संगणक घेणाऱ्यांचा एक तिसरा पंथ आहे. ते वाद घालत नाहीत, नुसते दयेने पाहतात.

हे सारे आपल्याला नवीन नाही. आडवे गंध की उभे गंध यावरून आपल्याकडे बोलणे बंद झालेली घराणी होती. नरहरी सोनाराची गोष्ट आपण जाणता. विठोबाचा करगोटा करावयाचा, पण त्याचे तोंड पाहावयाचे नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून तो माप घेऊ लागला. हाताला लागला तो शंकर, आणि पट्टी सोडून पाहतो तो विठ्ठल. मला पुष्कळदा वाटे, माझ्या या मित्रांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि टंकफळा हाताखाली देऊन म्हणावे, आता पत्र लिहा, आणि सांगा कोणत्या देवासमोर बसला आहात.

असो. २००६ साली त्या विद्यार्थ्याने मला उबुंटूची तबकडी आणून दिली. परदेशातून टपालाने, फुकट आलेली. त्या काळी ती कंपनी मागणाऱ्या प्रत्येकाला अशा तबकड्या पाठवी, २०११ पर्यंत पाठवीत होती. तो म्हणाला, "सर, दोन्ही ठेवू. विंडोज एका भागात, ही दुसऱ्या भागात. तुमच्या कामाची दुसरी प्रत आहे ना?" मी म्हणालो, "आहे की. वेबसाइटवर आहे." हे वाक्य मी आजही रात्री आठवतो. चकतीचे भाग पाडताना त्याची एक कळ चुकली. विंडोज गेली, आणि तिच्याबरोबर टंकलेल्या चौदा गावांच्या फायली गेल्या. पोरगा पांढरा पडला. मीच त्याला समजावले, अरे, काही बिघडले नाही, वेबसाइट आहे. पण उतरवून घेऊ, उद्या घेऊ, असे म्हणत राहिलो. त्या वर्षी घरात दीर्घ आजारपण होते. जागा देणाऱ्यांचा नियम असा की, ठराविक दिवसांत मालक आत डोकावला नाही तर खाते रद्द. इशारा पाठविला होता म्हणे. तो माझ्या जुन्या, बंद पडलेल्या टपालपत्त्यावर गेला. २००७ च्या दिवाळीनंतर पाहिले तर त्या ठिकाणी काहीच नव्हते. जाहिरातसुद्धा नव्हती.

आपण विचाराल, आणि कार्डे? कार्डे मी २००४ मध्ये शाळेच्या अडगळीच्या खोलीत दिली होती. आता संगणकावर आहे म्हटल्यावर ती खोली साफ करताना रद्दीत गेली. साफ करा असे सांगणाऱ्या कागदावर सही माझी आहे.

तीन वर्षे मी तो विषय काढला नाही. २०१० मध्ये तोच विद्यार्थी दारात आला. सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे. ब्रूस्टर केल यांनी ती १९९६ मध्ये स्थापिली. जगातील वेबसाइटांची पाने ही संस्था आपली आपण उतरवून ठेवते, ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवावेत तशी. त्या साठ्यात त्याला आमची काही पाने सापडली होती. पण पाने उघडली तर सारी अक्षरे इंग्रजी, आणि तीही निरर्थक. कारण त्या काळचे मराठी हे खरे मराठी नव्हते. संगणकाच्या दृष्टीने आम्ही इंग्रजी अक्षरेच टंकली होती. विशिष्ट फाँट लावला की ती मराठीसारखी दिसत, एवढेच. फाँट काढला की मुखवटा गळे. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तेथे असे होत नाही. आणि "सर, युनिकोड वापरा" हे तो मुलगा २००६ पासून मला सांगत होता. तो सांगत असे ते बहुतेक खरे असे, ही त्याच्याविषयीची सर्वांत त्रासदायक गोष्ट होती. सहा आठवडे रात्री जागून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक इंग्रजी चिन्हामागचे मराठी अक्षर ओळखायचे, मागे-पुढे झालेली वेलांटी जागेवर आणायची, रफार उचलून योग्य अक्षरावर ठेवायचा. पैसे घेतले नाहीत. उलट तो प्रोग्रॅम त्याने सर्वांसाठी मोकळा केला. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा.

येथे मला आपल्या भाषेचे कौतुक करावेसे वाटते. इंग्रजीत 'फ्री' हा शब्द एकच. त्यामुळे स्टॉलमनना उभ्या आयुष्यात पुनःपुन्हा समजावीत बसावे लागले की, मी पैशांविषयी बोलत नाही, स्वातंत्र्याविषयी बोलतो. मराठीत दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. माझी वेबसाइटची जागा फुकट होती, पण मुक्त मुळीच नव्हती. तेथील नियम मला बदलता येत नव्हता, तक्रार करता येत नव्हती, आणि माझी वस्तू तेथून हलविली गेली ते मला कळलेही नाही. त्या पोराची प्रणाली मुक्त होती. फुकट होती हा तिचा दुय्यम गुण. आणि गंमत अशी की, फुकट व स्वस्त जागांचा हा सारा धंदा फोफावला तो याच पंथाच्या लोकांनी लिहिलेल्या लिनक्स, अपाचे, पीएचपी यांच्या पायावर. एकाने विहीर खणून सर्वांना मोकळी केली, आणि दुसऱ्याने तिच्या काठावर पाणपोई घालून वर जाहिरातीचा फलक लावला. त्याला तसे करण्याचा हक्क होता, कारण विहिरीवर तसे लिहूनच ठेवले होते.

फुकटच्या गोष्टी अजून चालूच आहेत. पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाची तीन प्रवाळबेटे आहेत, वस्ती सुमारे दीड हजार. तिच्या वाट्याला आलेले 'टीके' हे वेबनाव एका कंपनीने जगाला फुकट वाटले आणि ते देशांच्या नावांत सर्वांत मोठ्यांपैकी एक झाले; ठगांचीही त्यावर गर्दी झाली. २०२४ च्या आरंभी ती कंपनी त्या व्यवसायातून बाहेर पडली. मायस्पेस या ठिकाणी २००३ पासून बारा वर्षे लोकांनी ठेवलेली गाणी सामानाच्या हलवाहलवीत गेली, असे २०१९ मध्ये उघड झाले. आज आपल्या लग्नाचे फोटो, वडिलांचा आवाज, कोठे ठेवला आहे हे घरी गेल्यावर पाहा. मी आता वर्षाला ठरलेली रक्कम भरतो, तीन ठिकाणी प्रती ठेवतो, आणि एक प्रत कागदावर छापून तालुक्याच्या वाचनालयात दिली आहे. ग्रंथपाल म्हणाले, याला वाचक मिळणार नाही. न मिळो.

चौदापैकी नऊ गावे परत आली. उरलेल्या पाच गावांत मी पुन्हा हिंडलो. सांगणारी माणसे बहुतेक गेली होती. 'पोराला न सांगण्यासारखी' नावे सांगणारे आबाही गेले होते; त्यांच्या नातवाला विचारले तर त्याने मोबाइलवर नकाशा उघडून गट नंबर दाखविला. पाच गावांची मिळून पूर्वीच्या निम्मी नावेही जमली नाहीत.

परत आलेल्या नऊ गावांतही एक अडचण राहिली आहे, आणि तीसाठीच मी आज येथे येण्याचे आमंत्रण लगेच स्वीकारले. जुन्या फाँटमधील काही चिन्हे अशा स्थानांवर होती की, निरनिराळ्या सिस्टिम त्यांचा निरनिराळा अर्थ लावतात किंवा ती गाळून टाकतात. त्यामुळे काही नावांतली अक्षरे गळाली. बाकीची आम्ही अंदाजाने, गावात विचारून भरली. एक राहिले. नदीपलीकडच्या शेवटच्या गावाच्या यादीत चाळिसाव्या ओळीवर नुसते 'डीचा माळ' आहे. पुढचे अक्षर नाही. धोंडीचा असेल, दिंडीचा असेल, घोडीचा असेल. दिंडीचा असेल तर त्या माळावरून पूर्वी पंढरीची वाट जात असली पाहिजे, आणि धोंडीचा असेल तर कोणी एक धोंडी तेथे कसत होता. गावात आज कोणालाही सांगता येत नाही. सभागृहात त्या बाजूचे, साठीच्या पुढचे कोणी असतील तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर कृपा करून मला भेटावे. मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, पायऱ्यांपाशी थांबतो. कार्डे बरोबर आणली आहेत.